आधी चुकलेली बिलं काढा

भाऊ, डिस्पॅचच्या पोरांकडून ई-वे बिलात (माल वाहतुकीसाठी जीएसटीत काढावं लागणारं ऑनलाइन बिल) चुका होतात म्हणून एचआरने ‘कम्युनिकेशन स्किल’चं ट्रेनिंग सुचवलं, आणि मार्चआधी बजेट संपवायचं म्हणून तुम्हीही तयार झालात. जरा थांबा.

गेल्या महिन्यातली चुकलेली बिलं टेबलावर घ्या. चूक भाग-अ मधल्या एचएसएन कोडमध्ये (मालाचा प्रकार सांगणारा नंबर) आहे की भाग-ब मधल्या गाडी नंबरमध्ये? एचएसएन चुकत असेल तर शिकवावंच लागेल, तेही तुमच्याच मालाची यादी समोर ठेवून. गाडी नंबरचं प्रकरण वेगळं. नागपूरजवळच्या आमच्या बुटीबोरीत बिल संध्याकाळी निघतं, ट्रान्सपोर्टवाला ऐनवेळी गाडी बदलतो, अन् नवा नंबर बिल काढणाऱ्या ऑपरेटरला कोणी सांगतच नाही. भाग-ब अपडेट न होताच माल निघतो. आता यात त्या पोराला काय शिकवता, बाप्पा? गेटवरून फोन कोणी करायचा तेवढं ठरवा.

ट्रेनिंगचे अभ्यासक मॅकगी आणि थेयर यांनी १९६१ मध्येच सांगून ठेवलंय: ट्रेनिंगची गरज तीन ठिकाणी तपासा, संस्था, काम आणि माणूस. आपल्याकडे थेट माणसावरच येतात.

आणि ‘कोणतं ट्रेनिंग हवं?’ असा फॉर्म वाटू नका. सगळे एक्सेल आणि इंग्रजी लिहितात. त्यापेक्षा एक रात्रपाळी ऑपरेटरच्या शेजारी बसून काढा. निवांत असताना तोच माणूस बिल बरोबर करत असेल, तर ट्रेनरचे पैसे वाचले म्हणून समजा.