'ने' म्हणजे हो की नाही?

प्रश्न : कोरियन मालिकांत 'ने' म्हणजे 'हो', चेक भाषेत 'नाही'. जपानीतही तो सारखा कानावर येतो. यांचं एकमेकांशी काही नातं?

— नातं नाही, निव्वळ योगायोग. जपानी 'ने' वाक्याच्या शेवटी येतो, आपल्या 'ना'सारखा : 'आत्सुई देस ने', गरम होतंय ना! फक्त स्वतःलाच ठाऊक असलेली गोष्ट सांगताना तो लावू नका, ऐकणारा बुचकळ्यात पडतो.

— कोरियन 'ने' सोलकडे बरेचदा 'दे' ऐकू येतो. शब्दारंभीचा 'न' तिथे नाकातून कमी येतो. नवशिके हमखास इथेच अडतात.

— हंगेरियन राहिलीच की! 'ने' म्हणजे 'नको', 'नेम' म्हणजे 'नाही'. 'जाऊ नको' आणि 'जात नाही' हा भेद आपल्या अंगवळणी पडलेलाच आहे. ग्रीक 'ने' मात्र 'हो'.