भाऊ कच्चा कैदी, हिमोग्लोबिन ९.६, खोकला थांबत नाही. काय करता येईल?

नमस्कार. इथे डॉक्टर आणि वकील दोन्ही आहेत, म्हणून विचारते. केस चालू आहे, त्यामुळे कारागृहाचं नाव लिहीत नाही.

माझा धाकटा भाऊ, वय ३१, चौदा महिने आत आहे. पहिलीच केस. ५० जणांच्या बराकीत सव्वाशेच्या वर माणसं. त्याला जागा मिळालीये संडासाच्या भिंतीलगत. रात्री एका कुशीवर झोपायचं, कूस बदलायची तर शेजारच्याला उठवायचं.

मुलाखतीला गेले की निघताना तो काचेला तळहात टेकवतो, मीही टेकवते. मागच्या वेळी तो हात बघून पोटात धस्स झालं. तळव्यावरच्या रेघासुद्धा पांढऱ्या पडल्यात, नखं फिकट. दोन वाक्यं बोलला की खोकत होता. कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणाला, "ताई, इथे सगळेच खोकतात." महिना तरी झाला असेल.

तीनदा अर्ज केल्यावर आतल्या दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.६ (अटकेआधी कंपनीच्या तपासणीत १३.८ होतं), ईएसआर (शरीरात दाह आहे का ते दाखवणारी तपासणी) ६८, पांढऱ्या पेशी ठीक. लोहाच्या गोळ्या दिल्या. थुंकी तपासली नाही, एक्स-रे नाही. वजन नऊ किलोने उतरलंय.

मला जे कळलं ते असं. टीबीचे जंतू अनेकांच्या शरीरात नुसते पडून असतात, प्रतिकारशक्ती खचली की उठतात. झोप नाही, सतत ताण, निकृष्ट जेवण, ऊन नाही, मग प्रतिकारशक्ती टिकणार कशी? त्यात बंद हवेत तोंडाला तोंड लावून माणसं. तुरुंगात टीबीचा धोका बाहेरच्यापेक्षा साधारण दहापट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरं म्हणजे, शरीरात दीर्घकाळ दाह असला की यकृत हेपसिडिन नावाचं द्रव्य जास्त सोडतं आणि लोह साठ्यातच अडकून पडतं. गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन फारसं चढत नाही. म्हणूनच मला भीती वाटते, की नुसत्या गोळ्यांवर महिने जातील आणि मूळ दुखणं तसंच वाढत राहील.

डॉक्टर मंडळींनो, एवढा ईएसआर आणि असा खोकला असताना अर्जात नेमक्या कोणत्या तपासण्या मागू? सीबीनॅट (थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) आणि छातीचा एक्स-रे आधी, की फेरिटिनसुद्धा (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) त्याच वेळी? एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी पण लिहू का? घरचा डबा चालत नाही. मनीऑर्डर करते, कँटीनला अंडी, चिक्की, केळी मिळतात म्हणतो. त्यातलं काय जास्त घ्यायला सांगू?

वकील मंडळींना विचारायचंय, की बाहेरच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी कोर्टाचा आदेश आधी मागावा, की आजारपणाच्या कारणावर थेट जामीन? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ वाचलंय. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटका. त्याच्या कलमाला सात वर्षं आहेत, म्हणजे २८ महिने. अजून चौदा महिने त्या भिंतीलगत काढायला त्याच्या अंगात रक्त कुठे उरलंय? आमचे वकील "पुढच्या तारखेला बघू" म्हणतात, आणि मागच्या दोन तारखांना पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून त्याला कोर्टात आणलंच नाही. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आत्ताचे वकील असताना तिकडे अर्ज केला तर चालतो का?

हे फक्त त्याच्यापुरतं नाही, मला ठाऊक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशातले तुरुंग १३१.४ टक्के भरलेले होते आणि दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्या बराकीत खोकणाऱ्या बाकीच्यांची थुंकी कोण तपासणार? सगळ्या बराकीची तपासणी मागायची तर अर्ज अधीक्षकांकडे करायचा, की जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे?

पुढची मुलाखत गुरुवारी आहे. त्याआधी अर्ज तयार हवाय. कुणी असा अर्ज लिहिला असेल तर मजकूर कसा होता तेवढं सांगा.