स्टेटसला टाकलेला प्लॉट हीसुद्धा जाहिरातच

व्हॉट्सॲप स्टेटसला प्लॉटचा फोटो नि दर टाकला तर ती जाहिरात ठरते का, असं बरेचदा विचारलं जातं. ठरते. रेरा कायद्याच्या (घर-प्लॉट विक्रीच्या नियमनाचा कायदा) व्याख्येत माध्यम कुठलंही चालतं. प्रकल्पाची जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा (हा कायदा राबवणारं महाराष्ट्राचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीत ठळक हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट विकायला आपण एजंटांनी हातच लावायचा नाही, कलम १० तसं स्पष्ट सांगतं.

मी दापोलीत हेच काम करतो. गेल्या वर्षी एका जमीनमालकाने ‘सी-टच, एनए’ (म्हणजे समुद्राला लागून, बिगरशेती) असं छापायचा आग्रह धरला. सातबारा बघितला तर जमीन शेतीचीच, वर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न वेगळा. मुंबईचा माणूस शेतकरी नसेल तर परवानगीशिवाय ती घेऊ शकत नाही. त्याची आयुष्यभराची पुंजी अडकली असती. मी काम सोडलं. कमिशन गेलं, पण गावात मान वर करून फिरता येतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

‘समुद्रापासून पाच मिनिटं’ लिहिण्याआधी एकदा स्वतः चालून बघा.