मदत हवी आहे: सासूबाईंसाठी आयफोन की अँड्रॉइड? घरात दोन पक्ष पडलेत (नागपूर)

मंडळी, नमस्कार. घरातल्या वयस्कर माणसाचा फोन अँड्रॉइडवरून आयफोनवर ज्यांनी स्वतः हलवून दिलाय, त्यांच्याकडून सल्ला हवाय.

सासूबाईंचं वय ६८. सध्याच्या अँड्रॉइड फोनच्या स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आलीये. बर्डीवरच्या दुकानात स्क्रीन बदलायचे जे पैसे सांगितले, त्यात थोडे घातले की नवाच फोन येतो. म्हणून बदलायचं ठरलं आणि तिथूनच वाद सुरू झाला.

नणंद पुण्याला असते, पक्की आयफोनवाली. ती स्वतः नवा घेतेय, म्हणून तिचा आयफोन १३ आईंना देते म्हणते. माझा नवरा सॅमसंगशिवाय दुसऱ्या फोनला हात लावत नाही. त्याला आईंसाठी गॅलॅक्सी ए सिरीजमधला नवा घ्यायचाय. ती म्हणते, अँड्रॉइडला दोन वर्षांनी कोणी विचारत नाही. हा म्हणतो, तुझ्या आयफोनची स्क्रीन तर सॅमसंगच बनवून देते. तिचं म्हणणं पूर्वी बऱ्यापैकी खरं होतं, पण २०२४ मध्ये आलेल्या एस२४ ला सॅमसंगने ७ वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय आणि ए सिरीजमधल्या काही नव्या फोनना ६ वर्षं. त्याची गोष्टही खरी आहे, २०१७ च्या आयफोन टेनपासून सॅमसंग डिस्प्लेचे ओएलईडी पॅनेल आयफोनमध्ये लागतात. पण त्यावरून आईंना कोणता फोन जमेल हे कसं ठरणार?

परवा तर नणंदेने फॅमिली ग्रुपच सोडला. परत आली, पण बहीणभाऊ एकमेकांशी धड बोलून नाही राहिले. फोनच्या कंपनीपायी सख्खी भावंडं अबोला धरतात, हे मला फार लागतं. नणंदेच्या हट्टामागे आईची ओढ आहे, हेही मला दिसतं. आपल्या हातातला फोन आईच्या हातात असावा असं तिला वाटतं. आई मात्र दोघांनाही 'बघा बाबा तुम्हीच' एवढंच म्हणतात.

माझी खरी काळजी वेगळी आहे. सासरे २०२१ मध्ये गेले. त्यांचे व्हॉइस मेसेज आईंच्या व्हॉट्सॲपमध्ये आहेत. 'दही आणू का', 'सिलिंडर आला का', 'मी इतवारीत आहे, उशीर होईल', असे. दुपारी सगळं आवरलं की आई ते ऐकतात. व्हॉट्सॲपचा गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही, तिथे बॅकअप ॲपलच्या आयक्लाउडवर असतो. त्यासाठी अँड्रॉइडवरून आयफोनवर सगळं हलवणारं 'मूव्ह टू आयओएस' ॲप वापरावं लागतं, आणि आयफोन नवा किंवा पूर्ण रिसेट केलेला लागतो. नंबर तोच हवा, दोन्ही फोन चार्जिंगला हवेत. एवढं मी वाचलंय. सावधगिरी म्हणून जुन्या फोनमधला 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स' फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करून ठेवलाय. पण त्या सुट्या ऑडिओ (ओपस) फाइल्स आहेत. आईंना ते मेसेज त्याच चॅटमध्ये, सासऱ्यांच्या नावाखालीच हवेत. कोणी बरीच वर्षं जुनं, जड चॅट असं हलवलंय का? सगळे व्हॉइस मेसेज वाजले का? मधेच अडकलं तर पुन्हा पहिल्यापासून करता येतं का?

दुसरं म्हणजे सवय. आईंचा अंगठा आपोआप खालच्या बॅकच्या त्रिकोणावर जातो. यूपीआय असो की भजनी मंडळाचा ग्रुप, चुकलं की तिथेच दाबून मागे येतात. आयफोनला ते बटण नाही. वयस्कर माणसांच्या हाताला तिथली रीत किती दिवसांत बसते? आईंचं टायपिंग बरंचसं मराठीत बोलूनच होतं, ते तिथे नीट चालतं का, हेही वापरणाऱ्यांनी सांगा.

उन्हाचं म्हणाल तर दोन्ही कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरा म्हणतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा गाडीच्या डिक्कीत कोणताच फोन ठेवायचा नाही, त्यावरून भांडण नको. आयफोन १३ ला लायटनिंग केबल लागते, टाइप-सी १५ पासून आली. म्हणजे घरातली एकही केबल चालणार नाही. शिवाय बॅटरी वापरलेली. ती बदलून घेतली तर पुढची तीन-चार वर्षं निघतील का?

माझा कल अँड्रॉइडकडे आहे, कारण आईंची बोटं त्याला सरावलीत आणि चॅट सरळ बॅकअपमधून येईल. पण मी असं म्हटलं की नवऱ्याची बाजू घेतली असं होतं. म्हणून 'आयफोनच घ्या' किंवा 'सॅमसंगच घ्या' असं नुसतं लिहू नका. आईवडिलांना काय अडलं आणि काय सोपं गेलं ते लिहा. रविवारी नणंद येतेय, तिला आणि नवऱ्याला शेजारी बसवून तुमचे प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.