पेन्शन 'अबाधित' की पेन्शनची 'हमी'?

प्रश्न : हाँगकाँग चीनकडे गेलं त्यावर मराठीत लिहितेय. तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनबद्दल 'सेफगार्ड' हा शब्द सारखा येतो. 'पेन्शनचं संरक्षण' कानाला खटकतंय. 'अबाधित' चालेल का? आणि 'सत्तांतर' लिहू का?

प्रतिसाद : ताई, सत्तांतर नको, ते आपण निवडणुकीनंतर सरकार बदललं तरी म्हणतो. 'सार्वभौमत्वाचं हस्तांतरण' लिहा, लांब आहे पण इथे तेच हवं.

सेफगार्डला मात्र एकच शब्द सगळीकडे लावू नका, कारण हाँगकाँगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १९८४ च्या चीन-ब्रिटन संयुक्त जाहीरनाम्यात आणि मग हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या १०२ व्या कलमात म्हटलंय की माणूस हस्तांतरणाआधी रिटायर झालेला असो की नंतर, नागरिक कुठल्याही देशाचा असो, राहायला कुठेही असो, त्याला किंवा त्याच्या आश्रितांना पेन्शन, ग्रॅच्युइटी, भत्ते सगळं पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसलेल्या शर्तींवर मिळेल आणि देणार हाँगकाँगचं नवं सरकार. याला 'अबाधित' अगदी बरोबर.

पण ही पेन्शन हाँगकाँग डॉलरमध्ये, आणि म्हातारपणी इंग्लंडात परतलेल्या माणसाचा किराणा, घरभाडं सगळं पौंडात. उद्या डॉलर घसरला तर कलम अक्षरशः पाळूनही त्याच्या हातात कमीच पडणार ना? म्हणून पात्र अधिकाऱ्यांसाठी ब्रिटनने वेगळी सोय केली, पेन्शनची पौंडातली किंमत ठरलेल्या पातळीखाली गेली तर फरक ब्रिटन भरणार. ही झाली 'हमी', कारण इथे जामीन दुसराच आहे.

प्रश्न : म्हणजे नुसतं 'अबाधित' लिहिलं तर अर्धवट?

प्रतिसाद : हो, आणि आपल्याकडचंच उदाहरण बघा ना. आयसीएसवाल्यांच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी अधिकाऱ्यांच्या, नोकरीच्या शर्ती १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या कलम १० ने चालू ठेवल्या, पुढे राज्यघटनेत ३१४ वं कलम आलं, आता याहून पक्कं काय असणार, पण १९७२ च्या अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने ते कलमच निघालं. त्याच्या उलट, पौंडात द्यायच्या पेन्शनींसाठी भारताने १९४८ मध्येच ब्रिटनकडे अडकलेल्या आपल्या पौंड शिलकीतून सुमारे १६.८ कोटी पौंड ब्रिटनकडे वळते करून टाकले होते. हिला मी 'तरतूद' म्हणेन. पैसे आधीच बाजूला काढलेले असले की पुढे कोणाच्या मर्जीवर फारसं काही उरत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला शेवटी तेच हवं असतं.

दुसरा प्रतिसाद : गोव्याचंही बघा. पोर्तुगीज राजवटीतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९६५ चा कायदा आहे, त्याच्या नावातच 'अ‍ॅब्सॉर्ब्ड एम्प्लॉईज' आहे, म्हणजे 'सामावून घेतलेले कर्मचारी'. हाँगकाँगचा जो अधिकारी हस्तांतरणाच्या वेळी पेन्शन घेऊन घरी गेला त्याला हा शब्द लावू नका, तो निवृत्तच. आणि कुठेही 'अनुदान' किंवा 'मदत' लिहू नका हो, पेन्शन ही मेहेरबानी नाही, ती केलेल्या नोकरीची हक्काची कमाई आहे, आपल्या सुप्रीम कोर्टाने १९८२ च्या नाकरा खटल्यात हेच सांगितलं.

प्रश्न : मग असं लिहू? 'हस्तांतरणानंतरही त्यांची निवृत्तिवेतनं अबाधित राहतील असं चीनने मान्य केलं, आणि पात्र अधिकाऱ्यांसाठी त्यांच्या पौंडातल्या किमतीची हमी ब्रिटनने घेतली.'

प्रतिसाद : छान. फक्त 'निवृत्तिवेतनं' जड जातंय, 'पेन्शन'च ठेवा, सगळ्यांना कळतं.