माहितीपटातल्या दृश्याचा संदर्भ कसा द्यायचा?

प्रश्न: प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एका माहितीपटातलं दीड मिनिटाचं दृश्य आधाराला घेतलंय. मार्गदर्शक बाईंनी समासात लाल शाईने लिहिलं, ‘नेमकं कुठे?’ पुस्तकाला पान क्रमांक असतो, इथे काय देऊ? शैली एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत), सातवी आवृत्ती.

उत्तर १: अवतरण सुरू होतं ती वेळ द्या. दिग्दर्शकाचं आडनाव, वर्ष, मग ४७:१२ असं. संदर्भसूचीत लेखकाच्या जागी दिग्दर्शक, शेवटी निर्मितीसंस्था.

उत्तर २: यूट्यूबवर असेल तर आधी बघा, तो कोणी चढवलाय. नुसत्या यूट्यूब व्हिडिओला लेखक म्हणून चढवणाऱ्याचंच नाव लागतं, बोलणारा कोणीही असो. यात मी फसले होते, पंचवीस नोंदी पुन्हा केल्या.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार! वेळा आजच वहीत टिपते. चित्राचं काय?

उत्तर १: चित्रकार, वर्ष, शीर्षक, माध्यम, संग्रहालय आणि त्याचं ठिकाण.