फ्युरी 'कधीच मोठा नव्हता' हे पटत नाही

भावा, युक्रेनच्या युसिककडं दोनदा हरला म्हणून ब्रिटनचा हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरी कधीच मोठा नव्हता, हे तुझं म्हणणं काय पटलं नाही. पहिली लढत, मे 2024, रियाध. नवव्या फेरीत युसिकच्या डाव्या हातानं फ्युरी दोरांवर भेलकांडत गेला, पाय जाग्यावर नव्हते, रेफरीनं मोजणी केली. अशी मोजणी झाली की बॉक्सरचा एक जादा गुण जातो; तो एक गुण धरला नसता तर लढत बरोबरीत सुटली असती, इतका फरक बारीक होता. डिसेंबरच्या दुसऱ्या लढतीत मात्र तिन्ही पंचांनी युसिकला 116-112 दिलं, तिथं वादच नाही.

माझ्या मते उतरण त्याआधीच सुरू झाली होती. 2021 ला अमेरिकेच्या वाइल्डरनं चौथ्या फेरीत त्याला दोनदा पाडलं. अकराव्यात फ्युरीनं त्याला झोपवलं खरं, पण त्या रात्रीचा मार अंगात मुरला. पुढं 2023 ला बॉक्सिंगची पहिलीच व्यावसायिक लढत खेळणाऱ्या एन्गानूनंही त्याला जमिनीवर आणलं.

आपण खासबागेत कुस्ती बघणारी माणसं. पैलवानाची उमेद सरल्यावर झालेल्या कुस्त्यांवर त्याची किंमत करत नाही, भरात असताना त्यानं कुणाला चीत केलं ते बघतो. 2015 ला तेव्हाचा चॅम्पियन, युक्रेनच्या क्लिच्कोला त्याच्या घरच्यासारख्या जर्मनीत जाऊन हरवणं सोपं होतं का? साडेअकरा वर्षांत क्लिच्को कुणाकडं हरला नव्हता! ब्रिटनच्याच जोशुआशी फ्युरी वेळेत लढला नाही, ही उणीव मी मान्य करतो. पण फुसका चॅम्पियन? अजिबात नाही.